दगड इथे होता, हे सांगायला येणारी माणसे

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी केल्यामुळे माझे आयुष्य नकाशांतच गेले. मात्र ज्या कामाबद्दल पगार नाही, प्रवासभत्ता नाही आणि वरिष्ठांची तपासणीही नाही, असे नकाशाचे काम मी निवृत्तीनंतर हाती घेतले. अंबाजोगाईत राहून, बहुतेक वेळा सकाळी फिरायला गेल्यावर रस्त्यात उभ्याउभ्या, मोबाइलवरच्या गूगलच्या नकाशात मी दुकानांच्या वेळा भरतो, चुकलेल्या जागा सरकवतो, रस्त्यांना नावे देतो आणि अधूनमधून एखाद्या खानावळीबद्दल चार ओळी लिहितो. यातून काय मिळते, असे घरच्यांनी विचारले, शेजाऱ्यांनी विचारले, आणि निवृत्त माणसाला वेळ घालवायला काहीतरी हवे असते, असे म्हणून उत्तरही त्यांनीच देऊन टाकले. ते उत्तर मला पटत नाही, कारण हेच काम करणारे माझ्या ओळखीतले बाकीचे लोक निवृत्त नाहीत. त्यांत कॉलेजातली मुले आहेत, काळी-पिवळी चालवणारा एक जण आहे आणि एक परिचारिका आहे, जिच्याकडे वेळ म्हणून नसतोच.

माझी सुरुवात एका धर्मशाळेच्या खुणेपासून झाली. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता असल्यामुळे कोकणातून आणि पुण्याहून वर्षभर कुटुंबे येथे येतात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला तर गर्दी मावत नाही. लग्नानंतर किंवा मुंजीनंतर आयुष्यात एकदाच येणाऱ्या या मंडळींना गावाची काहीच माहिती नसते आणि विचारायला ओळखीचे कोणी नसते, म्हणून ती मोबाइलवर विसंबून येतात. मुक्कामाच्या एका धर्मशाळेची खूण कोणीतरी आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला टाकून ठेवली होती, त्यामुळे एमएच ०८ आणि एमएच १२ क्रमांकांच्या गाड्या आमच्या दारापर्यंत येऊन अडकत आणि मग म्हाताऱ्या माणसांना उतरवून, आरसे मिटून, इंचाइंचाने मागे जात. प्रत्येक गाडीला हाताने रस्ता दाखवण्यापेक्षा ती खूणच हलवावी, असे माझ्या पुतण्याने सुचवले आणि ती कशी हलवायची तेही दाखवले.

कृती अगदी साधी होती. त्या जागेवर बोट ठेवायचे, सुधारणा सुचवण्याचा पर्याय निवडायचा, जागा चुकली आहे असे सांगायचे, उपग्रहाच्या चित्रावर खूण धरून योग्य दारापाशी नेऊन सोडायची आणि पाठवून द्यायचे. ज्या माणसाने शंकू साखळी ओढत आणि फलकावर दुर्बीण लावून उन्हात हद्दी कायम केल्या, त्याला बोटाने जागा सरकवण्याचा हा प्रकार प्रथम पोरखेळ वाटला. पण सुधारणा तपासून होईपर्यंत ती प्रलंबित दिसत राहते, आणि मी दिवसातून अनेकदा मोबाइल उघडून ती लागू झाली की नाही हे पाहू लागलो. ती लागू झाल्याचे आणि आभार मानणारे इंग्रजी पत्र आले तेव्हा, खोटे कशाला सांगू, खात्यातल्या कोणत्याही शेऱ्याने झाला नव्हता इतका आनंद झाला.

एक चूक दुरुस्त केली की शेजारची दिसू लागते. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आजूबाजूच्या तालुक्यांतून रुग्ण येतात आणि त्यांच्यासोबत आलेला नातेवाईक रात्री-अपरात्री चिठ्ठी हातात घेऊन औषधाचे दुकान शोधत फिरतो. नकाशावर दुकाने होती, पण वेळा नव्हत्या किंवा सर्वांच्या सारख्याच होत्या. मी एकेका दुकानात जाऊन वेळ विचारू लागलो. एका मेडिकलच्या मालकाने सांगितले, “अकरापर्यंत लिहा साहेब. पण मी वरच राहतो. शटर वाजवलं की खाली येतो, एक वाजू द्या नाहीतर दोन.” आता हे कुठे लिहायचे? नकाशाच्या तक्त्यात उघडण्याची वेळ आहे, बंद होण्याची वेळ आहे, चोवीस तास असा पर्याय आहे. शटर वाजवल्यास उघडते, असा रकाना कोणत्याही अभियंत्याला सुचलेला नाही. मालकाची परवानगी घेऊन मी ती ओळ रिव्ह्यूमध्ये लिहिली. रिव्ह्यू हा प्रकार मला तोवर हॉटेलातल्या भाजीला मीठ कमी पडल्याची तक्रार करण्याचा वाटत असे; ज्या माहितीला रकाना नाही तिची जागा तेथे आहे, हे मला त्या दिवशी समजले. काही आठवड्यांनी मालक म्हणाला, “लोकं मोबाइल दाखवत यायलेत, आणि शटर वाजवायच्या आधी लाजतेत बिचारे.”

सरकारी नोकरीची सवय म्हणून मी हे काम कायद्यात बसते का, याचीही चौकशी केली. आपल्याकडे नकाशा हा प्रदीर्घ काळ सरकारी अखत्यारीतला विषय होता. गूगलने २०१३ मध्ये भारतात लोकांकडून नकाशे भरून घेण्याची ‘मॅपॅथॉन’ नावाची स्पर्धा घेतली तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाने तिच्याविरुद्ध तक्रार केली होती आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत गेले होते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली त्यांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना भू-अवकाशीय, म्हणजे नकाशासाठी लागणारी, माहिती गोळा करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट काढून टाकली. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध तेवढे राहिले. औषधाच्या दुकानाची वेळ त्या निर्बंधांत येत नाही, एवढी खात्री करून मी पुढे गेलो.

गुणांचा विषय येथे टाळता येणार नाही, कारण बाहेरच्या माणसाला प्रथम तोच दिसतो. गूगलने २०१५ मध्ये ‘लोकल गाइड्स’ नावाची योजना सुरू केली. त्यात रिव्ह्यूला १० गुण, तो २०० अक्षरांहून मोठा असल्यास आणखी १०, फोटोला ५, माहिती सुधारण्यास ५ आणि नवी जागा किंवा नवा रस्ता जोडल्यास १५ गुण मिळतात. २५० गुणांना चौथी पातळी येऊन नावाशेजारी बिल्ला दिसू लागतो आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या, पातळीसाठी एक लाख गुण लागतात. या गुणांचे पैसे होत नाहीत. सुरुवातीच्या काळात चौथ्या पातळीवरच्यांना एक टेराबाइट साठवणूक फुकट दिली गेली होती, पण आता सहभागी होणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीतही नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा वरच्या पातळीवर पोचला आहे. त्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला की, गुणांचे अप्रूप सुरुवातीला होते, आता नाही. आपला फोटो इतक्या लोकांनी पाहिला असे पत्र येते, त्याचे आहे. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणाऱ्या दरीचा पावसाळ्यातला त्याचा एक फोटो हजारो लोकांनी पाहिलेला आहे, आणि ज्याला कॉलेजात कोणी ओळखत नाही त्या मुलाला ही संख्या तोंडपाठ आहे. गुणांमुळे नुकसानही होते, हे सांगितले पाहिजे. एकाच थाळीचे पाच बाजूंनी काढलेले पाच फोटो आणि रसवंतीच्या पाटीखाली ‘नाइस प्लेस’ एवढीच शेकडो लोकांची साक्ष, हा कचरा गुणांनीच आणला आहे.

मोजणीच्या दिवशी शेतावर कोण कोण येते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामामागचा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही. अर्जदार येतो, लगतचे खातेदार नोटीस मिळाली म्हणून येतात, पंच बोलावलेले असतात. यांशिवाय बांधावर आणखी काही माणसे उभी असतात. त्यांची त्या गटात गुंठाभरही जमीन नसते आणि त्यांना कोणी बोलावलेलेही नसते. मोजणी भलत्या बाजूला चालली आहे असे दिसताच त्यांतला एखादा म्हातारा पुढे येतो, काठी टेकवतो आणि म्हणतो, “दगड हितं होता. बाभळीच्या बुडाला. ढोरं राखायचो तव्हापासून बघितलाय म्या.” त्या दगडाने त्याचा फायदाही होणार नसतो आणि तोटाही. उलट कोणातरी एकाचा राग तो ओढवून घेत असतो. तरी तो बोलतो, कारण त्याला जे पक्के ठाऊक आहे ते त्याच्या डोळ्यांदेखत चुकीचे लिहिले जात असते आणि ते त्याला सोसवत नाही. त्याच बांधावर भावकीतला दुसरा एक जण असतो. त्यालाही बोलायचे असते, पण त्याचा डोळा दगडावर नसतो, चुलतभावावर असतो. मोजणीदाराने दोघांचेही ऐकून घ्यायचे आणि जुन्या मोजणीच्या टिपणाशी ताडून पाहायचे असते.

नकाशाला माहिती देणाऱ्यांतही मला हीच दोन माणसे दिसली. जागा, वेळ, रस्ता दुरुस्त करणारे बहुतांशी काठी टेकवणाऱ्या म्हाताऱ्याच्या जातीचे असतात. परोपकार, समाजसेवा हे शब्द त्यांच्या तोंडी नसतात. चुकलेले दिसले, दुरुस्त केले, एवढेच ते सांगतात. काळी-पिवळीवाला एका फाट्याची खूण का हलवली, हे सांगताना चिडलेलाच होता : “फाटा ह्या बाजूला, अन् नकाशात त्या बाजूला. असं कसं राहू द्यायचं?” रिव्ह्यू लिहिणाऱ्यांत मात्र दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत, आणि कोणता जबाब कोणाचा हे वाचणाऱ्याला ओळखावे लागते.

रिव्ह्यू बहुधा एखाद्या टोकाला जाऊन लिहिला जातो. जेथे जेवण ठीकठाक मिळाले, पैसे वाजवी घेतले आणि कोणी वाईट बोलले नाही, तेथून बाहेर पडलेला माणूस मोबाइल काढत नाही. कृतज्ञता किंवा संताप यांपैकी काहीतरी काठोकाठ भरल्याशिवाय तो लिहायला बसत नाही. म्हणून पाच तारे आणि एक तारा यांची रेलचेल असते आणि तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू, जो माझ्या मते सर्वांत विश्वासाचा, तो शोधावा लागतो. दुकानदारांनी आता गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी ठेवली आहे आणि बिल देताना ‘काका, तेवढे पाच स्टार देऊन टाका’ असे लाघवीपणे सांगितले जाते. एका ठिकाणी तर पाच ताऱ्यांवर चहा फुकट होता. पैसे किंवा वस्तू देऊन रिव्ह्यू मिळवणे नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले असून ते नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले. पण ते स्वेच्छेने पाळायचे आहे आणि फुकट चहाला ते अडवू शकत नाही. याची उलट बाजूही पाहिली. एका चांगल्या चालणाऱ्या दुकानावर एकाच आठवड्यात अनोळखी नावांनी एक ताऱ्यांची रांग लागली आणि नंतर कोणीतरी ते दुकान ‘कायमचे बंद’ अशी सूचनाही पाठवली, तेव्हा मालक आत बसून गिऱ्हाइकांना माल देत होता. त्या सूचनेविरुद्ध मी दुकानाच्या उघड्या दाराचा त्या दिवशीचा फोटो जोडून माहिती पाठवली. भावकी नकाशातही असते.

तरीही रिव्ह्यूंची अडगळ म्हणून मी संभावना करणार नाही, आणि त्याचे कारण लातूरची एक मेस आहे. माझ्या पुतणीची मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरला गेली तेव्हा तिच्या आईने क्लासच्या आसपासच्या साऱ्या मेसचे रिव्ह्यू रात्री जागून वाचले. मुलांनी लिहिलेले बहुतेक रिव्ह्यू ‘मस्त जेवण’ किंवा ‘डाळ पातळ’ यांपुढे जात नव्हते. त्यांत हिंगोलीकडच्या एका आईने लिहिलेला एकच मोठा परिच्छेद होता : रविवारी संध्याकाळी जेवण बंद असते तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा, पिण्याच्या पाण्याचे यंत्र आहे पण उन्हाळ्यात जार येतो, आजारी पडल्यास डबा खोलीवर देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, सुटीला घरी गेल्यास त्या दिवसांचे पैसे वळते करतात का हे महिन्याच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. पुतणीने तो परिच्छेद मला फोनवर वाचून दाखवला आणि त्याच मेसमध्ये मुलीचे नाव घातले. वर्ष सरताना तिने स्वतः तेथे रिव्ह्यू लिहिला. मेसचे दर वाढल्याचे आणि पोळ्यांबरोबर आता ज्वारीची भाकरीही मिळत असल्याचे त्यात लिहिले. तिने त्याआधी कधी काही लिहिलेले नव्हते. जी माहिती आपल्याला शोधूनही मिळाली नव्हती किंवा फार मुश्किलीने मिळाली होती, ती ज्याने लिहून ठेवली त्याचे देणे लागतो, ही भावना मी अनेकांत पाहिली. हे देणे त्या मूळ माणसाला फेडता येत नाही, कारण तो कोण हे ठाऊक नसते. ते पुढच्याला द्यावे लागते.

या सगळ्याला माझ्या एका सहकाऱ्याचा, त्यांनीही आयुष्यभर मोजणीच केली, ठाम आक्षेप होता. त्यांचे म्हणणे असे की, आपण मोफत भरलेली माहिती कंपनीच्या मालमत्तेत जमा होते, तिच्या आधारे कंपनी जाहिराती विकते, आणि आपल्याला मिळतो तो बिल्ला. यापेक्षा रोजगार हमीवरचा मजूर बरा, त्याचे हजेरीपत्रक तरी असते. हा आक्षेप मला खोडता आलेला नाही. गूगलने २००८ मध्ये ‘मॅप मेकर’ आणले ते मुळात ज्या देशांचे चांगले तयार नकाशे हाती नव्हते तेथील नकाशे लोकांकडून काढून घेण्यासाठी, आणि त्यात भारतही होता. २०१५ मध्ये रावळपिंडीजवळच्या भूभागावर कोणीतरी आचरट चित्र काढून ठेवल्याने जगभर हसे झाले, ती सोय काही महिने बंद राहिली आणि ३१ मार्च २०१७ रोजी कायमची गेली. परंतु तोवर लोकांनी काढलेले रस्ते मुख्य नकाशात जाऊन बसले होते. अशा स्वयंसेवी माहितीला मायकेल गुडचाइल्ड या भूगोलतज्ज्ञाने २००७ मध्ये शास्त्रीय नाव दिले आणि सामान्य नागरिकालाच संवेदक, म्हणजे सेन्सर, म्हटले. संवेदकाला पगार द्यावा लागत नाही, असे माझे सहकारी त्यावर म्हणाले.

त्यांच्या आक्षेपाचा परिणाम एवढा झाला की, मी ओपनस्ट्रीटमॅपकडे वळलो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडात सुरू केलेला हा नकाशा कोणा कंपनीचा नाही. त्यातली माहिती २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन आणि त्यात केलेल्या सुधारणा तशाच खुल्या ठेवून ती कोणालाही वापरता येते. येथे रिव्ह्यू नाहीत, तारे नाहीत, गुणही नाहीत. प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केला हे कोणालाही उघडून पाहता येते, आणि दुसऱ्या कोणत्याही नकाशावरून नक्कल करायची नाही हा नियम काटेकोर आहे. जागेवर जे आहे तेच लिहायचे, कागदावर काय असायला हवे होते ते नाही. ज्याने उभी हयात कागद आणि जागा यांचा मेळ घालण्यात घालवली त्याला हा नियम फार आवडला.

येथे कामही माझ्या ओळखीचे निघाले. उपग्रहाचे चित्र जमिनीवरून काही मीटर सरकलेले असू शकते, म्हणून रस्ता नुसता चित्रावरून गिरवायचा नाही. त्यावरून चालत जाऊन मोबाइलने घेतलेली वाट त्याच्याशी ताडून पाहायची. पांदण रस्ता कोठे सुरू होतो, बैलगाडी जाते की फक्त पायवाट आहे, पावसाळ्यात ओढ्यापलीकडे जाता येते का, बारवेत उतरायला पायऱ्या शाबूत आहेत का, हे सारे नोंदवता येते. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे, त्यामुळे इंग्रजीतून परत मराठीत लिहिताना गावांच्या नावांची जी दैना होते ती टळते. स्ट्रीटकंप्लीट नावाचे एक अॅप आहे, ते चालता चालता प्रश्न विचारते : हा रस्ता डांबरी की मुरमाचा, येथे दिवा आहे का, या पायऱ्यांना कठडा आहे का. संध्याकाळच्या फिरण्यात माझी पत्नीच आता त्याची उत्तरे देते, आणि मुरूम व खडी यांतला फरक मला समजावून सांगते.

सर्वांत कठीण काम पुनर्वसित गावांचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत अनेक गावे जुनी जागा सोडून नव्या गावठाणांत गेली. त्या काळात नव्या गावठाणांच्या मोजणीसाठी इतर तालुक्यांतून भूकरमापक नेण्यात आले होते, त्यांत मीही होतो, म्हणून जुने कोठे आणि नवे कोठे हे मला पाहून ठाऊक होते. नकाशात त्यांपैकी एका गावाचे नाव जुन्याच जागी होते आणि तेथे पडक्या भिंती, बाभळी आणि स्मारक यांखेरीज काही नाही. नव्या गावठाणाला घरे होती पण नाव नव्हते. जुनी खूण पुसून टाकणे सोपे होते. पण त्या गावातल्या एका शिक्षकांना फोन केल्यावर ते म्हणाले, पुसू नका. बरसीला माणसे तिकडे जातात, बाहेर नोकरीला गेलेली मुले जुनी जागा शोधतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पूर्वी वस्ती होती आणि आता नाही, असे नोंदवण्याची सोय आहे. म्हणून नव्या जागी नाव लावले आणि जुनी जागा ‘जुने गाव’ म्हणून ठेवली. त्या शिक्षकांनी नंतर गल्ल्यांची, मंदिरांची आणि शाळेची माहिती स्वतःच भरली.

सध्या मी दोन्हीकडे काम करतो. जे बदलते, म्हणजे वेळा, बंद झालेली दुकाने, फोन, ते मी गूगलकडे देतो, कारण रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये तोच नकाशा आधीपासून असतो आणि दुसरा उतरवून घ्या असे त्याला त्या घटकेला सांगण्यात अर्थ नाही. जे टिकते, म्हणजे वाटा, विहिरी, गावे, तांडे, ते मी खुल्या नकाशात घालतो. सहकाऱ्यांना ही तडजोड वाटते, आणि ती आहेच.

गेल्या पावसाळ्यापासून शेतातल्या वस्त्यांवरून फोन येऊ लागले आहेत. वस्तीला ना गल्ली असते, ना घर क्रमांक. कुरिअरवाला फाट्यावर थांबून फोन करतो आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला रस्ता दाखवायला एकाला मोटारसायकल घेऊन पुढे जावे लागते. नकाशावर वस्ती असावी ही त्यांची मागणी अगदी रास्त आहे. तिच्या आडून दुसरीही एक मागणी येते : ‘साहेब, तुम्ही मोजणीतलेच, तेवढा आमचा बांधही दाखवून टाका.’ तो मी दाखवत नाही. मोबाइलवरच्या नकाशाला हद्दीचा पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, त्यासाठी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे खात्याने दिलेला मोजणीचा नकाशा, असते, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण ते ऐकून न पटल्यासारखी मान हलवतो. कोणाच्या घराला माणसाचे नाव देणे, एकट्या राहणाऱ्या बाईचे घर दाखवणे, हेही मी करत नाही.

धारूरच्या रस्त्यावरच्या एका वस्तीचे काम मात्र अडले आहे. दोघा भावांची ती वस्ती असून थोरल्याला ती वडिलांच्या नावाने हवी आहे आणि धाकट्याला स्वतःच्या, कारण बोअर त्याने पाडले आणि रस्त्याला मुरूमही त्यानेच टाकला. मी दोघांनाही सांगितले की, शेजारच्या वस्त्यांवरची माणसे जे नाव घेतात तेच लागेल, तुमच्या दोघांपैकी कोणाला विचारून लागणार नाही. तसे विचारायला गेलो तर निम्मे लोक एक नाव सांगतात, निम्मे दुसरे, आणि कोण कोणाच्या बाजूचा हे मला चहा संपायच्या आत कळते. रुग्णवाहिकेला नाव लागत नाही, वाट लागते, म्हणून फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता आणि मधल्या ओढ्यावरचा नळकांडी पूल मी घालून टाकला आहे. नावाचा रकाना रिकामा आहे. धाकटा भाऊ मोबाइलवर स्वतःच तो भरायला शिकला आहे, असे काळी-पिवळीवाल्याकडून समजले, तेव्हा मी आता थोरल्यालाही शिकवणार आहे.